घराण्यातून आलेली वळणं मोडायची कशी: पुण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी मार्गदर्शक

खडकी, दापोडी, पिंपरी, वडगाव शेरी, कुठल्याही मराठी मंडळीत (चर्चमध्ये) ‘पिढीजात शाप’, म्हणजे वाडवडिलांच्या पापाचा शाप पुढच्या पिढ्यांवर येतो ही समजूत, या विषयावर सभा ठेवली की जागा पुरत नाही. लोक रडतात, हात वर करतात, बंधन तुटलं म्हणून देवाची स्तुती करत घरी जातात. पुष्कळ घरांत महिन्याभराने तोच आरडाओरडा, तोच अबोला, तीच बाटली परत येते आणि माणूस स्वतःच्या विश्वासावरच शंका घेऊ लागतो. अशा वेळी प्रार्थनेत खोट काढू नये. प्रार्थनेनंतर घरात करायचं काम त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते काम इथे क्रमाने दिलं आहे. पहिल्या फेरीला तीन महिने धरा.

आधी शास्त्र नीट वाचा

निर्गम २०:५ बहुतेकांना पाठ असतं: वडिलांच्या अपराधाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन. त्याच वचनात ते शासन देवाचा द्वेष करणाऱ्यांसाठी असल्याचं म्हटलं आहे आणि लगेच सहाव्या वचनात हजारो पिढ्यांवरच्या दयेचं अभिवचन आहे. हे दोन्ही भाग सभांमध्ये सुटून जातात. यहेज्केलाच्या काळी लोक म्हणत, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देवाने ही म्हण वापरायचीच नाही असं बजावलं. यहेज्केलाचा १८ वा अध्याय पूर्ण वाचा आणि वचनं १४ ते २० दोनदा वाचा. बापाची पापं डोळ्यांनी पाहूनही तसं न वागणाऱ्या मुलाबद्दल ती आहेत. बापाचा दोष त्याच्यावर येत नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. गलतीकरांस ३:१३ प्रमाणे शाप ख्रिस्ताने स्वतःवर घेतला आहे.

म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याच्या डोक्यावर वाडवडिलांचा दोष नाही. हा मुद्दा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. भीतीपोटी केलेला बदल फार दिवस टिकत नाही आणि घाबरलेला माणूस कुणाच्याही हातात सापडतो.

मग वळण का उरतं? कारण पिढ्यांमधून दोष येत नसला तरी इतर तीन गोष्टी येतातच. पहिली सवय: वडील चिडले की ताट सरकवायचे, मुलगाही सरकवतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१८) वाडवडिलांकडून परंपरेने आलेली व्यर्थ वागणूक म्हटलं आहे ती हीच. दुसरी प्रकृती: जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की दारूच्या व्यसनाच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, नैराश्याचा कलही घराण्यात चालतो. तिसरी परिणाम: आजोबांनी गहाण टाकलेली जमीन, मोडलेलं शिक्षण, दोन भावांत पंचवीस वर्षं बंद असलेलं बोलणं.

सवयीला सराव लागतो, प्रकृतीला डॉक्टर लागतो, परिणाम निस्तरावे लागतात. तिन्हींना प्रार्थनेची साथ हवी, पण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. नैराश्याच्या औषधाऐवजी उपास, कर्जाच्या हिशेबाऐवजी तेलाचा अभिषेक, आणि रागाच्या सवयीला ‘आमचं रक्तच तसं’ हे उत्तर, या तीन अदलाबदली सगळ्यात जास्त दिसतात.

पहिला आठवडा: घराण्याचा नकाशा

एक मोठा चार्ट पेपर, पेन्सिल, खोडरबर आणि लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं घ्या. साधारण तीन तास मोकळे ठेवा. समुपदेशक याला जेनोग्राम म्हणतात.

पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. नवरा-बायको आडव्या रेषेने जोडा; मुलं त्या रेषेखाली, थोरलं डावीकडे, धाकटं उजवीकडे. गेलेल्या माणसाच्या खुणेवर फुली. तीन पिढ्या पुरतात: तुम्ही आणि भावंडं, मग आई-वडील, काका, आत्या, मामा, मावश्या, मग चारही आजी-आजोबा. बहुतेक घरांत पंधरा ते पंचवीस माणसं होतात. भांडणाचं नातं नागमोडी रेषेने, फार घट्ट नातं दुहेरी रेषेने दाखवा. बोलणंच बंद असेल तर रेष मध्ये तोडा.

आता रंग. लाल पेनाने व्यसन, मारहाण, घर सोडून जाणं, पैशाची फसवणूक, मुलगा-मुलगी भेद. निळ्याने आजार, त्यात मनाचे आजार आणि आत्महत्येचे प्रयत्नही. हिरव्याने विश्वास, कष्ट, शिक्षण, कुणी केलेली क्षमा. हिरवं पेन विसरलं की नकाशा आरोपपत्र होतो आणि पुढचं सगळं काम त्याच सुरात जातं. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या आणि मराठीत बायबल भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंचंच पाहा: त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. वडिलांच्या धर्मातून मुलगी बाहेर पडली, वडिलांनी दिलेली विद्या तिने आयुष्यभर वापरली.

स्वतःच्या घराला हात घालण्याआधी अर्धा तास अब्राहामाच्या घराचा नकाशा काढून पाहा, हात बसतो. अब्राहाम पत्नीला बहीण म्हणवून खोटं बोलतो (उत्पत्ती १२ आणि २०). इसहाक तेच खोटं बोलतो (२६:७). याकोब आंधळ्या बापाला फसवतो (२७), त्याला सासरा फसवतो (२९), आणि म्हातारपणी त्याचीच मुलं योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकतात (३७). पक्षपाताची दुसरी लाल रेषाही दिसेल: इसहाकाचा लाडका एसाव, रिबेकेचा याकोब, याकोबाचा योसेफ. हे वळण कुठे तुटतं तेही शोधा. योसेफाला विकायची कल्पना यहूदाची होती. तोच यहूदा ४४:३३ मध्ये बन्यामीनाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला उभा राहतो. बापाचा पक्षपात त्या दिवशीही तसाच होता, बन्यामीन अजून लाडकाच होता, तरी यहूदा बदलला. ज्यांचे आई-वडील बदलणार नाहीत, त्यांनी या अध्यायावर एक संध्याकाळ घालवावी.

माहिती कुणाकडून मिळेल? बहुधा थोरल्या आत्याकडून किंवा मावशीकडून. प्रश्न असा विचारा: “आत्या, आजोबा चिडले की घरात काय व्हायचं?” ‘आजोबा मारायचे का?’ असं विचारलं की ती गप्प होते, कारण उत्तर देणं म्हणजे वडिलांविरुद्ध साक्ष देणं. एका भेटीत दोन-तीन प्रश्न पुरेत. लिहून घेत बसू नका, घरी आल्यावर नोंदवा. नावं आणि तारखा मंडळीच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या रजिस्टरमध्ये मिळू शकतात. गावच्या जुन्या चर्चचं रजिस्टर पाहायला पाळकांना आधी फोन करून जा.

काही घरांत आजोबांच्या वरचं कुणालाच ठाऊक नसतं, तिथे जागा कोरीच राहते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली कितीतरी मुलं मिशनच्या आश्रमांत आणि बोर्डिंगांत वाढली. ज्याला आई-बापाचं घर आठवतच नव्हतं, त्याने घर शिस्तीवर चालवलं. माया कशी करायची हे त्याने पाहिलेलं नव्हतं. अशी शक्यता तुमच्या घरात दिसत असेल तर त्या कोऱ्या जागेशी ‘दुष्काळ’ एवढंच लिहा. आजोबांचा कडकपणा समजायला तेवढं पुष्कळ होतं.

हा कागद भिंतीवर लावू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका.

दुसरा आणि तिसरा आठवडा: एकच वळण निवडा आणि नोंदी ठेवा

नकाशावर पाच-सहा लाल वळणं दिसतील. एकच निवडायचं. निवडताना दोन गोष्टी पाहा: हे वळण आज माझ्या हातून चाललं आहे का, आणि त्याचा मार घरातल्या सगळ्यात लहान माणसाला बसतो आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील ते आधी. भावाचं व्यसन किंवा सासूचा स्वभाव निवडू नका. तुमच्या पश्चात्तापाने दुसऱ्याची सवय जात नाही.

निवडलेलं वळण कृतीच्या भाषेत लिहा. ‘आमच्याकडे रागीटपणा आहे’ यावर काहीच करता येत नाही. ‘कामावरून आल्यावर आठ ते नऊच्या दरम्यान मुलाच्या अभ्यासावरून आवाज चढतो, वही फेकली जाते, मग बायकोशी दोन दिवस बोलणं बंद’ यावर काम करता येतं.

मग चाळीस पानी वहीत दोन आठवडे नोंदी. रकाने सहा: वार आणि वेळ, समोर कोण, आधीच्या तासाभरात काय झालं, अंगात काय जाणवलं (कान तापणं, छातीत धडधड, जबडा आवळणं), काय केलं, नंतर काय झालं. प्रसंग घडल्या दिवशीच लिहा, चार ओळींत. दुसऱ्या दिवशी लिहिलं की मन स्वतःची बाजू घ्यायला लागतं. सात-आठ नोंदी झाल्या की रचना दिसते: पोटात भूक, हडपसर किंवा चाकणहून ट्रॅफिकमधून आलेला दीड तास, गावाकडून जमिनीसाठी आलेला फोन, महिनाअखेर. वळणाला ठरलेली वेळ आणि ठरलेली वाट असते, आणि ती कळली की अर्धी तयारी होते. नोंदी टाळून थेट प्रार्थनेकडे जाणारे इथेच चुकतात. त्यांना नेमकं काय कबूल करायचं तेच माहीत नसतं.

चौथा आठवडा: कबुली

नहेम्या ९ मध्ये लोक उभे राहून आपली आणि पूर्वजांची पापं कबूल करतात. दानीएल ९ मध्ये दानीएल ‘आम्ही पाप केलं’ म्हणतो, आपल्या वाडवडिलांनाही त्यात धरतो. पूर्वजांच्या पापाला नाव देणं म्हणजे त्यांचा दोष अंगावर घेणं नव्हे. घरात जे झाकलं होतं ते देवापुढे खरं म्हणून मान्य करणं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी एकट्याने करा. दार लावून, फोन बंद करून, पाऊण तास. स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा, मग वहीतली नोंद समोर ठेवून आपल्या शब्दांत बोला. शब्द सुचत नसतील तर हा नमुना:

“हे प्रभू, माझ्या आजोबांच्या आणि वडिलांच्या घरात रागाने बायका-मुलांना भीतीत ठेवलं गेलं. हे तुझ्या इच्छेविरुद्ध होतं. त्यांचा न्याय मी करत नाही, तो तुझा आहे. पण तेच मी गेल्या बुधवारी माझ्या मुलाला केलं. ते माझं पाप आहे, त्याचा दोष मी वडिलांवर टाकत नाही. ख्रिस्ताच्या रक्ताने मला क्षमा कर. हे वळण मी माझं मानत नाही. मला तुझ्या आत्म्याने सौम्यता शिकव, आणि आज रात्रीपासून मला जे करायचं आहे त्यासाठी बळ दे. आमेन.”

या प्रार्थनेत ‘गेल्या बुधवारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तारीख आणि माणूस आल्याशिवाय कबुली हवेत राहते.

त्यानंतर त्याच आठवड्यात एका माणसासमोर कबुली द्या (याकोब ५:१६); पुढे ‘साक्षीदार’ म्हटलं आहे तो हाच. पुरुषाने पुरुषाकडे, बाईने बाईकडे जावं; नातेवाईक नको, वयाने आणि विश्वासाने पोक्त असावा, आणि तोंडाचा घट्ट असावा. पाळक असलेच पाहिजेत असं नाही. कॅथलिक बांधवांनी फादरांकडे कन्फेशन करावं. शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत पाच मिनिटांत उरकण्यापेक्षा वेळ मागून जाणं बरं. उपासना चालू असताना माईकवर साक्ष म्हणून वडिलांची बेअब्रू सांगू नका. त्याने कुणाची सुटका होत नाही, आईला मात्र पुढच्या रविवारी चर्चमध्ये बसणं जड जातं.

सुटकेच्या प्रार्थनेला जाणार असाल तर चार गोष्टी सांभाळा. पैसे मागितले की उठून या. मारहाण, चटके, केस ओढणं किंवा कोंडून ठेवणं सुरू झालं तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, करणारा कोणत्याही धर्माचा असो. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. फिट्सच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये.

पाचव्या आठवड्यापासून: रिकाम्या जागी काय ठेवायचं

मत्तय १२:४३-४५ मध्ये अशुद्ध आत्मा निघून गेलेलं घर झाडलेलं, नीटनेटकं, पण रिकामं असतं, म्हणून तो आणखी सात घेऊन परततो. इफिसकरांस ४ मध्ये पौल प्रत्येक सोडायच्या गोष्टीसमोर धरायची गोष्ट ठेवतो: खोटं सोडा, खरं बोला, चोरी सोडा, हातांनी कष्ट करा आणि गरजवंताला द्या. त्यामुळे ‘रागावणार नाही’ हा निश्चय अपुरा आहे. रागाच्या क्षणी हात, पाय आणि तोंड काय करतील ते आधी ठरलेलं पाहिजे.

रागासाठी हा क्रम चालतो. अंगातली पहिली खूण (वहीत लिहिली आहे तीच) जाणवली की वाक्य अर्धवट सोडून म्हणा, “मी वीस मिनिटांनी येतो.” वेळ सांगणं आवश्यक आहे, न सांगता निघून गेलात तर समोरच्याला तो अबोलाच वाटतो. भडकलेलं शरीर शांत व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. खाली उतरा, सोसायटीला दोन फेऱ्या मारा, पाणी प्या, नीतिसूत्रे १५:१ सारखं एकच पाठ केलेलं वचन म्हणा. मनात भांडण चालू ठेवलं तर शरीर शांत होत नाही, म्हणून वचन मोठ्याने म्हणावं. विसाव्या मिनिटाला परत या. परत येणं हा या सगळ्यातला सर्वात कठीण भाग आहे आणि तिथेच जुनं वळण तुटतं, कारण वडील परत येत नसत. आल्यावर पहिलं वाक्य: “तू काय म्हणत होतास?” बायकोला आणि मुलांना हा क्रम आधीच, शांत वेळी सांगून ठेवा.

अबोल्याचं वळण मराठी घरांत रागाइतकंच खोल आहे आणि त्याला पाप म्हणून कुणी मोजत नाही. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, या इफिसकरांस ४:२६ वरून घरचा नियम करा: भांडण मिटलं नसलं तरी झोपण्याआधी दोघांनी एक वाक्य बोलायचं आणि मुद्दा कधी काढायचा ते ठरवायचं. “उद्या संध्याकाळी सातला बोलू” एवढं पुरतं. मुलांमार्फत निरोप देणं पूर्ण बंद.

दारू असेल तर आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनेच्या रात्री एकदम बंद केली तर शेवटच्या पेल्यानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, घाम, ताप, भास सुरू होऊ शकतात. यात जीव जातो. अशा वेळी ‘सैतान लढतोय’ म्हणून घरी प्रार्थना करत बसू नका, ससूनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि प्रार्थना तिथे करा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा विनाशुल्क असतात, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं मंडळीत कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. प्रभुभोजनात आंबवलेला द्राक्षरस असेल तर पाळकांना आधी सांगून फक्त भाकर घ्या. आणि नाताळ आधीच आखा: चोवीस डिसेंबरपासून एक जानेवारीपर्यंत घरोघरची वाइन, रम घातलेला केक, कॅरोलनंतरची ‘थोडीशी’. कोणत्या तीन घरी जायचं, किती वाजता निघायचं आणि सोबत कोण, हे वीस तारखेपर्यंत लिहून ठेवावं.

पैशाचं वळण असेल, म्हणजे लग्नासाठी कर्ज, खासगी सावकार, नवऱ्याला न सांगता भिशी, तर आधी पती-पत्नीने एका कागदावर सगळी देणी खरी लिहावीत, व्याजदरासह. जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायचं. नवीन कर्ज घेण्याआधी ते कबुलीच्या साक्षीदाराला सांगायचं.

मुलगा-मुलगी भेदासाठी महिनाभर मोजणीच करा: कामं, दूध-अंडी, फी, शाबासकी. आकडे समोर आले की वाद उरत नाही.

क्षमा मागणं आणि क्षमा करणं

मुलांची क्षमा मागायला बहुतेक वडील घाबरतात, मान जाईल म्हणून. तसं होत नाही. पद्धत अशी: मुलाच्या उंचीवर बसा, केलेली गोष्ट नावाने सांगा, कारण देऊ नका. “बुधवारी मी तुझी वही फेकली. ते चुकीचं होतं. तुझी चूक असती तरी मी तसं करायला नको होतं. मला माफ कर.” ‘पण तू पण’ ही जोड आली की क्षमायाचना संपली. मूल ‘बरं’ म्हणून पळून गेलं तरी चालेल. वही फाटली असेल तर नवीन आणा. जकातदार जक्कयाने फसवलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं (लूक १९:८).

आई-वडिलांना क्षमा करणं ही वेगळी वाट आहे आणि ती तीन महिन्यांत पूर्ण होईलच असं धरू नका. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क देवाकडे देणं. ती एकट्याने करता येते. समेटाला दोघं लागतात. विश्वास तर समोरच्याच्या बदललेल्या वागण्यावरच परत बसतो. मंडळीत या तिन्हींना एकच समजतात आणि मग मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा केलीस ना, मग परत जा’ असं सांगितलं जातं. हा सल्ला चुकीचा आहे. घरात हिंसा चालू असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित जागी जा: तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. मानसिक त्रास असह्य झाला तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

आई-वडील हयात नसतील तर पत्र लिहा: त्यांनी काय केलं, त्याने माझं काय झालं, मी काय सोडून देतो आहे, आणि नकाशावरच्या हिरव्या गोष्टींपैकी कशाबद्दल आभार मानतो. २ नोव्हेंबरला कबरस्तानात जाणारे ते तिथे वाचू शकतात. गेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर पंथापंथांत फरक आहे. पत्र देवासमोर वाचायला कोणत्याच पंथाची अडचण नाही.

घरचे विरोध करतात तेव्हा

एकाने वळण सोडलं की बाकीचे त्याला परत ओढतात. यात दुष्टपणा क्वचितच असतो. सगळ्यांची घडी बसलेली असते आणि ती मोडते. सहाव्या ते दहाव्या आठवड्यात याची अपेक्षा ठेवा. “बायकोचा गुलाम झाला”, “फार पवित्र झालास”, “आम्ही काय वाईट वाढवलं का?” उत्तर छोटं ठेवा: “पप्पा, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. मी मुलांवर हात उचलणार नाही, एवढंच ठरवलंय.” वाद झाला तर हेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा. वचनं फेकून आई-वडिलांना हरवायचा मोह टाळा.

नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी एक गोष्ट. आई-वडिलांच्या देव्हाऱ्याला, टाकांना, फोटोंना हात लावायचा तुम्हाला अधिकार नाही. ते त्यांचं आहे. तुम्ही स्वतः काय करणार नाही हे नम्रपणे सांगा, आणि बाकी सेवेत, दवाखान्यात, पैशात आधीपेक्षा जास्त उभे राहा. प्रत्येक आजारपणाला ‘तुमच्या कुलदैवताचं बंधन’ म्हणणं हा आई-वडिलांचा अपमान आहे, आणि योहान ९ मधल्या शिष्यांचीच ती चूक आहे.

मुलांना नवीन काय मिळणार

रोज दहा-बारा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना, ठरलेल्या वेळी. एक भजन किंवा गीत, सात-आठ वचनं, प्रत्येकाची एक वाक्याची प्रार्थना, आणि शेवटी आई किंवा वडिलांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गणना ६:२४-२६ मधला आशीर्वाद नाव घेऊन म्हणायचा. प्रार्थनेत मुलाची तक्रार देवाला सांगू नका. मुलं त्यानेच प्रार्थनेला कंटाळतात. चांगल्या वळणांची नोंदही ठेवा: यिर्मया ३५ मधल्या रेखाबी घराण्याने पूर्वजाच्या आज्ञेवरून पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षारस वर्ज्य केला, आणि तीमथ्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला (२ तीमथ्य १:५).

घसरलात तर

घसराल. बहुधा दुसऱ्या महिन्यात, जरा बरं चाललंय असं वाटत असताना. चोवीस तासांत चार गोष्टी करायच्या: ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायची, वहीत नोंद करायची, साक्षीदाराला फोन करायचा, आणि नोंदीत पाहून कुठला दुवा निसटला ते शोधायचं. बहुतेकदा तो झोप, भूक किंवा न सांगितलेलं दडपण असतो. ‘शाप परत आला’ असा निष्कर्ष काढून नवीन सभा शोधू नका.

दर पंधरवड्याला साक्षीदाराला अर्धा तास भेटा आणि वही दाखवा. बाराव्या आठवड्यात पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी शेवटच्या दोन आठवड्यांशी लावून पाहा, आणि बायको-मुलांना वेगवेगळं विचारा की काय बदललं. त्यांचं उत्तर तुमच्या वहीपेक्षा खरं माना. प्रसंग निम्म्याने कमी झाले असतील तर त्याच वळणावर आणखी तीन महिने काम करा. लगेच दुसरं घेऊ नका. तेवढेच किंवा जास्त असतील तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, नकाशा आणि वही सोबत न्या. पहिल्या भेटीतला बराच वेळ ज्या प्रश्नांत जातो, त्यांची उत्तरं त्यात आधीच लिहिलेली असतील.